देगेवरचं पाचवं नाव

मह्शीसाठी, म्हणजे भरलेल्या भाजीसाठी, कूसा ही वीतभर हिरवी भोपळी कोरायची तर हात हलका लागतो. जरा जोर झाला की बुडाला भोक पडतं आणि भरलेला तांदूळ सगळा रश्शात उतरतो. उम्म शुरूक स्वयंपाकघराच्या खिडकीशी चटई टाकून कोरत बसली होती. खाली सिलिंडरवाला पान्ह्यानं टाक्या बडवत गल्लीतून चालला होता. धाकटी बसंत आईच्याच चपला पायात अडकवून कॉलेजला पळाली होती आणि जाताना चहाचा पेला गॅलरीच्या कठड्यावर विसरली होती. नेहमीची सकाळ. तेवढ्यात दारावर थाप पडली.

अतिय्या होता. कारखान्याच्या माणसांची मायक्रोबस चालवणारा. दारात बाईमाणूस आलं की नजर जिन्याच्या पायऱ्यांकडे वळवून बोलणारा, सभ्य, पण तोंडाचा सैल.

“उस्ता चष्मा विसरला बघा. म्हणतो, सरसाची तार दिसेना. रेडिओजवळ असेल म्हणाला.”

उस्ता म्हणजे तिचा नवरा, कारखान्यात त्या मुरलेल्या कारागिराला सगळे असंच म्हणत. तिनं चष्मा आणून दिला. तो खिशात घालून अतिय्या वळला, दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

“आणि मबरूक हं, उम्म शुरूक! एवढी लपवायची गोष्ट आहे का ही? मुगात तरी पाजायचं होतं आम्हाला.”

मुगात म्हणजे बाळंतिणीच्या घरी आल्यागेल्याला द्यायचं तुपाळ, घट्ट पेय. या घरात ते शेवटचं शिजलं बसंतच्या वेळी.

“कसलं मबरूक?”

“मलाच विचारता होय! पाचवी झाली ना? देगेवर उस्ता पाच नावं घेतो आताशा. आम्ही म्हणतो, चारांवर थांबला होता बिचारा, म्हातारपणी पालवी फुटली.”

“नाव सांगितलं का त्यानं?”

“सांगतोय कुठला! पण ढवळणी मध्येच बंद पडली तेव्हा कानावर आलं. इन्शिराह.”

दुसरी एखादी असती तर तिथंच उंबऱ्यावर बसली असती. उम्म शुरूक म्हणाली, “पाजू की मुगात. सावकाश जा, खालची पायरी फुटलीय.” मग दार लावलं, चटईवर येऊन बसली आणि हातातल्या कूसाच्या बुडाला भोक पाडलं.

हे नावं घेण्याचं प्रकरण तिला लग्नापासून माहीत होतं. तिचा नवरा शिहाता वाळवंटाच्या काठच्या त्या औद्योगिक गावात सरसाच्या देगेवर काम करायचा. सरस म्हणजे सुताराचा नव्हे. शेवयांची, चहापत्तीची खोकी ज्यानं चिकटवतात तो, वितळवून लावायचा आणि गार झाला की धरणारा सरस. देग पिकली की शिहाता काडीनं थेंब काढायचा, पुठ्ठ्याच्या पट्टीवर टाकायचा, वर दुसरी पट्टी दाबून मोजायचा आणि मग ओढायचा. जोड सुटला तर सरस कच्चा. जोड राहून पुठ्ठाच फाटला तर पास. तरुणपणी तो आकडे मोजत असे. शुरूक झाली, बायको सगळ्यांसाठी उम्म शुरूक, म्हणजे शुरूकची आई, झाली आणि पोरीचं नाव आकड्यांच्या आधी आलं. मग हदीर. मग नोरहान. बसंत झाली तेव्हा आकडे संपलेच. शुरूक, हदीर, नोरहान, बसंत, एवढं सावकाश म्हणेपर्यंत सरस नेमका धरायचा. सोहागकडचे त्याचे नातेवाईक मुलगा नाही म्हणून हळहळायला लागले की तो म्हणायचा, “सरसाला चार पुरतात. पाचवा आला तर थेंब थिजून जाईल.”

असा चार नावांचा माणूस. मग ही पाचवी कोण?

आणि इन्शिराह हे काय तान्ह्या पोरीचं नाव झालं? आजकाल कोण ठेवतं? हे नाव भरल्या अंगाच्या, डोळ्यांत काजळ घातलेल्या, एखाद्या विधवेचं असणार. घर स्वतःचं असणार तिचं. न्हाणीघर चांगलं असणार.

न्हाणीघर तिच्या डोक्यात उगाच आलं नव्हतं. महिनाभर एक गोष्ट तिला छळत होती आणि तिनं ती कुणालाच सांगितली नव्हती. शिहाताच्या अंगाला वास येईनासा झाला होता.

लग्न होऊन ती बिल्बैसकडच्या आपल्या हिरव्या गावातून इथं आली तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तो वास तिच्या नाकात बसला होता. सिरका सांडल्यासारखा आंबट, आणि त्याच्या खाली राळेचा धुरकट, जंगली वास. त्याच्या कपड्यांना, केसांना, नखांच्या कडांना. तिनं आईला फोन करून रडून सांगितलं होतं की माझं लोणच्याच्या बरणीशी लग्न लावून दिलंत. त्याचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची, लिंबू पिळायची, गॅलरीच्या टोकाला वाळत घालायची. वर्षं गेली. पोरी त्या वासातच वाढल्या. जिन्यात वास आला की भांडणारी हदीर पुस्तक उघडून बसायची. उम्म शुरूक चहाचं पाणी चढवायची ते घड्याळ बघून नव्हे, त्या वासाच्या अंदाजानं. त्या वासाचा राग येणं कधी थांबलं, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

आणि आता शिहाता यायचा तो कोरा. शर्ट नाकाशी धरला तरी नुसतं कापड आणि थोडा घाम. परक्या साबणाचा वास असता तर निदान काहीतरी हाताला लागलं असतं. पण काहीच नाही! माणूस दिवसभर देगेशी उभा राहून असा धुतल्या पेल्यासारखा घरी कसा येईल? वाटेत कुठंतरी अंग धुतल्याशिवाय?

शिवाय तो बोलेनासा झाला होता. पूर्वी जेवताना देग कशी फेसाळली, कोण घसरलं, सगळं सांगायचा. आता ताटाकडे बघत भाकरी मोडायचा. एकदा ती कपडे काढायला गॅलरीत गेली तर पाठमोरा बसून ओठ हलवत होता. चाहूल लागताच हातातलं काहीतरी खिशात. ती चालत राहिली, कपडे काढले, विचारलं नाही. न विचारता बघत राहायचं, हा तिचा स्वभाव. गोष्ट पिकू द्यावी, मग हात लावावा.

आता पिकली होती.

तिनं हात धुतले आणि दाराआडच्या त्याच्या जुन्या जाकिटाचे खिसे उलटे केले. पुठ्ठ्याच्या पट्ट्या निघाल्या, दोन-दोन चिकटवलेल्या, काही ओढून फाडलेल्या. मधला सरस काचेसारखा पारदर्शक. तिच्या ओळखीचा सरस मधाच्या रंगाचा असायचा. तिनं हुंगून पाहिलं. वास नाही. ती पट्टी उजेडात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. नवरा बिनवासाचा, सरसही बिनवासाचा. म्हणजे ही पट्टी त्याच्या देगेवरची नव्हेच. मग कुठली? कुणाच्या घरी बसून हा पट्ट्या चिकटवतो?

शेवटी तिनं सोहागला फोन लावला. गलीला तिचं नाव, शिहाताची थोरली बहीण. भावाच्या पोटातलं तिला न सांगता कळतं असा तिचा दावा होता.

“काय गं, आज बरी आठवण झाली? पोरी बऱ्या आहेत ना?”

“बऱ्या आहेत. गलीला, एक विचारते, खरं सांग. इन्शिराह कोण?”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“हे नाव तुला कुणी दिलं?”

“म्हणजे तुला माहीत आहे!”

“कुणी दिलं ते सांग आधी. कुणासमोर बोललीस? शेजारणीला सांगितलंस? कुणा करणीवाल्या शेखाकडे जाऊन कागदावर लिहून आलीस काय गं, माझ्या भावाला बांधून ठेवायला?”

“मी कशाला बांधू? बांधणारी दुसरीच भेटलीय त्याला!”

“तोंड सांभाळ!” गलीला इतक्या जोरात ओरडली की कोंबड्या गप्प झाल्या. “पुन्हा ते नाव तोंडातून काढू नकोस. ऐकलंस? पुन्हा नाही.” आणि फोन ठेवून दिला.

झालं. म्हणजे सगळ्या सासरला माहीत. बहीण त्या बाईची पाठराखण करतेय, वर आपल्यालाच जादूटोणा करणारी ठरवतेय. उम्म शुरूकनं कूसा भरली, रश्शात रचली, शिजवली. रागातही मीठ बरोबर पडलं, याचा तिला आणखी राग आला. डबा गरम असतानाच फडक्यात बांधला, ठेवणीतला काळा अबाया घातला आणि ती निघाली. डबा हे निमित्त. नवऱ्याला जेवण घेऊन जाणाऱ्या बायकोला कुणी अडवत नाही.

पण फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं अडवलं.

“कोण तुम्ही?”

“उस्ता शिहाताच्या घरची.”

“कुठल्या घरची?” म्हातारा स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. “गंमत केली हो हाज्जा. या, या. सावलीत बसा, आत विचारतो.”

तिला ती गंमत वाटली नाही. सावलीत पोती भरणाऱ्या बायका पाय पसरून भाकरी-चीज खात होत्या. ती त्यांच्यात बसली आणि एकेकीचे डोळे बघू लागली. काजळ दोघींच्या डोळ्यांत होतं. एक तर फारच लहान होती. दुसरीला तिनं डब्यातली दोन कूसा दिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुमच्यात इन्शिराह कोण?”

“इन्शिराह?” ती बोटं चाटत म्हणाली. “इथं तर कुणी नाही, खाला. हे नाव माझ्या आजीच्या वयाच्या बायकांचं. काय सुंदर मह्शी झालीय! तांदळात पुदिना घालता का?”

आजीच्या वयाची. उम्म शुरूकनं फडक्याची गाठ पुन्हा बांधली. शिहाता म्हाताऱ्या बाईच्या नादी लागलाय? पैसेवाल्या?

तेवढ्यात इंजिनिअर बाई बाहेर आल्या. मारियान नाव, शुरूकच्या वयाची मुलगी, डोक्यावर हेल्मेट, हातात तिच्यासाठी दुसरं. “बरं झालं आलात. उस्तांना आज बाहेर यायला जमणार नाही, देग ओतायच्या बेतात आहे. चला, पिवळ्या रेघेपर्यंत नेते. पुढं पाय टाकायचा नाही हं.”

आत शिरताच उम्म शुरूक थांबली आणि नाकानं हवा ओढली. इथं उष्णता होती, घरघर होती, तापल्या मेणाचा पुसटसा वास होता. पण तो नव्हता. तो आंबट, जंगली वास, ज्यानं तिच्या संसाराच्या भिंती लिंपल्या होत्या, तो इथंही नव्हता.

“वास कुठं गेला?” तिनं विचारलं.

मारियान हसली. “गेला! नवा माल आलाय ना आता. जुन्या मालाला तो सिरक्याचा वास असायचा, आणि झाडाची राळ घालायचो तिचा. आता प्रॉपिलीनचं पॉलिमर वापरतो आम्ही. बाटल्यांची झाकणं, गालिच्यांचा धागा ज्याचा करतात ना, त्याच घराण्यातलं, पण मऊ. आधी मेण वितळवायचं, मग हे दाणे थोडे थोडे सोडायचे, वरून धुतलेली, बिनवासाची राळ. मग झाकण लावून हवा खेचून घ्यायची, नाहीतर बुडबुडे राहतात. बघा, पाण्यासारखा स्वच्छ. चहाच्या खोक्याला सरसाचा वास लागलेला चालत नाही हो गिऱ्हाइकाला.”

म्हणजे आंघोळ नव्हती. न्हाणीघर नव्हतं. उम्म शुरूकच्या छातीवरून एक वीट निघाली. पण एकच. नाव तर अजून तसंच होतं.

“मग यानं घरी का नाही सांगितलं?” ती पुटपुटली.

“सुरुवातीला जरा बिनसलं होतं त्यांचं,” मारियान आवाज उतरवून म्हणाली.

पिवळ्या रेघेपलीकडे पोलादी देगेशी शिहाता उभा होता. नाकावर चष्मा. त्यानं काडी बुडवली, वर उचलली, तार बघितली. थेंब पट्टीवर टाकला, दुसरी पट्टी वर दाबली आणि ओठ हलू लागले. आवाज इथवर येत नव्हता, पण आईला पोरींची नावं ओठांवर वाचता येतात. शुरूक. हदीर. नोरहान. बसंत. मग ओठ थांबले नाहीत. त्यानं मान थोडी खाली घातली, डोळे मिटल्यासारखे केले आणि आणखी एक नाव घेतलं. असं नाव की ते घेताना माणसाचा चेहरा लहान होतो.

तो चेहरा तिनं पाहिला. बाजारू बाईसाठी माणसाचा चेहरा असा होत नाही. म्हणजे हे त्याहून वाईट होतं.

शिहातानं पट्टी ओढली. पुठ्ठा फाटला. मग त्यानं वर पाहिलं, बायको दिसली, आणि हातमोज्यासकट धावत आला.

“काय झालं? पोरी?”

“पोरी बऱ्या आहेत. चारही. पाचवीचं विचारायला आलेय.”

“कसली पाचवी?”

“इन्शिराह.”

त्यानं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. पोती ओढणारे दोघं, दारात उगाच रेंगाळणारा अतिय्या. मारियान समजून बाजूला झाली.

“इथं नको.”

“इथंच.”

“अगं, पुरुष आहेत. मी हात जोडतो. घरी गेल्यावर.”

“घरी गेल्यावर तुम्ही ताटाकडे बघून भाकरी मोडता. महिनाभर बघतेय मी. इथं सांगा. ही देग एवढी घरघरतेय, कुणाला ऐकू जाणार नाही. कोण आहे ती?”

शिहातानं हातमोजे काढले. तिच्या खांद्याला धरून तिला भिंतीकडे वळवलं, आणि तोंड तिच्या कानाशी नेलं, इतकं जवळ की दारात अतिय्यानं खाकरून पाठ फिरवली.

“आई,” तो म्हणाला. “माझी आई.”

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

सासूला तिनं पाहिलंच नव्हतं. ती लग्नाआधीच गेलेली. या घरात तिचा उल्लेख नेहमी ‘मरहूम हाज्जा’ नाहीतर ‘उम्म शिहाता’ असाच. इतक्या वर्षांत नाव कधी कानावर पडलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. असलं नाव विचारायचं नसतं. आईचं नाव बाहेर पडलं की शाळेत पोरं चिडवतात, मोठेपणी वैरी ते कागदावर लिहून करणी करतात. तिच्या स्वतःच्या भावांनी आपल्या आईचं नाव कधी वर्गात सांगितलं होतं? सकाळच्या कोंबड्या तिला आठवल्या. कोणी दिलं हे नाव, कुणासमोर बोललीस. बिचारी गलीला! तिला खरंच वाटलं असणार की भावजय शेखाकडे जाऊन आली.

“नवा सरस उशिरा धरतो,” शिहाता सांगू लागला, आता बांध फुटल्यासारखा. “पहिल्याच देगेला मी चार नावं घेतली, ओढलं, सुटलं. पुन्हा घेतली, पुन्हा सुटलं. माल खोटा आहे म्हणून मी ओरडलो. सगळी देग ओतून टाकायला लावली. सगळ्यांसमोर. त्या इंजिनिअर पोरीनं सांगितलं होतं, उस्ता, थोडं थांबा, हा सावकाश गोठतो. मी म्हटलं, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी ओढतोय. आणि बरोबर ती होती. ओतलेला माल चांगला होता.” त्यानं बाही तोंडावरून फिरवली. “घरी काय सांगू? पोरींचं हसू होईल, बापाला नावं कमी पडली म्हणून. मग एक नाव वाढवायला हवं होतं. आकडे परत घ्यावेत तर जीभ वळेना. गॅलरीत बसून करून बघितलं, आईचं घेतलं की बरोबर धरतं. तिचं नाव तोंडातून जाऊन किती वर्षं झाली होती गं. मला वाटलं, या घरघरीत कोण ऐकतंय.”

“अतिय्यानं ऐकलं.”

“काय?”

“त्याला वाटतं, आपल्याला मुलगी झाली. मुगात मागतोय.”

शिहातानं दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्याच्या मिशा थरथरल्या. हसू आवरत होता की काय, तिला ठरवता येईना.

“वाटू दे त्याला,” तो कुजबुजला. “मुलगीच म्हण. आईचं आहे हे कुणाला कळता कामा नये. करून टाक थोडं मुगात, पाठवून दे.”

“या वयात? गल्लीत तोंड दाखवायचंय मला.”

“नातीचं म्हणू.”

“शुरूकला विचारलंत?” ती म्हणाली. पण डबा त्याच्या हातात दिला. अजून कोमट होता.

तरी तिचं मन पुरतं बसलं नव्हतं. तिनं शेवटचा टाका घातला. “आणि तुमच्या अंगाला वास येत नाही आता, ते तुमचं तुम्हाला कळलं नाही होय?”

“मला वास यायचा?” शिहाता खरोखरच चकित झाला. त्यानं बाही नाकाशी धरली. “कधी?”

इतकी वर्षं लिंबं पिळली, आणि या माणसाला पत्ताच नाही. हे खोटं कुणाला सुचणारही नाही, म्हणून तिनं ते खरं मानलं.

देगेकडून कुणीतरी हाक मारली. ओतायची वेळ झाली होती. सरस ओतायच्या पसरट तासळ्या खाली चकाकत वाट बघत होत्या. “जातो,” शिहाता म्हणाला. “तू नीट जा, उम्म शुरूक. अतिय्या सोडेल.”

ती गेली नाही. रेघेच्या अलीकडे उभी राहून म्हणाली, “ऐका. मुगात करते. गलीलाला फोन करून माफी मागते. नाव कुणाला सांगणार नाही. माझं एकच आहे.”

“काय?”

“पोरींची नावं घेता, आईचं घेता. माझं इथं घेऊ नका, पुरुष आहेत. पण आज घरी आलात की दार लावा, आणि मला उम्म शुरूक म्हणू नका. तहिय्या म्हणा. एकदा.”